समानार्थी शब्द शिकवणं बंद करा

समानार्थी शब्द नावाची गोष्ट नसते. शाळेत दहा वर्षं आपण ते पाठ केले, मार्कांसाठी जोड्या लावल्या, आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांच्या फोनवर आजही रोज सकाळी ‘आजचे समानार्थी शब्द’ येऊन पडतात. तरीही नसते. एका भाषेत दोन शब्द टिकून राहिलेत म्हणजे बोलणाऱ्यांना त्या दोघांचं वेगवेगळं काही काम आहे. काम उरलं नाही की एक शब्द गळून पडतो.

तर मग हा धडा निरुपयोगी आहे, सोडून द्या, असं कुणी म्हणेल. माझं म्हणणं त्याहून कडक आहे. हा धडा आपलं नुकसान करतो. दोन शब्दांमध्ये फरक असणार, तो शोधायचा असतो, ही सवय लागायच्या वयात तो आपल्याला नेमकं उलटं शिकवतो: सगळं एकच, कुठलाही लिहा, मार्क मिळतील. पुढे मोठे झाल्यावर आपण करारांवर सह्या करतो, तेव्हा समोरच्या माणसाचा धंदा बऱ्याचदा त्या फरकावरच चाललेला असतो.

मराठीपासूनच बघू. पाणी, जल, नीर, उदक, तीर्थ. शाळेत या यादीला पूर्ण मार्क. आता जलसंपदा विभागाला ‘पाणीसंपदा विभाग’ म्हणून बघा. उदकशांतीला ‘पाणीशांती’ म्हणा आणि गुरुजींचा चेहरा बघा. पंगतीत बसल्यावर ‘जरा नीर वाढा’ म्हणा. देवळात हातावर पडतं ते पाणीच, पण ‘काका, थोडं पाणी द्या’ म्हटलंत तर काका बाहेरच्या नळाकडे बोट दाखवतील. प्रत्येक शब्दाचं घर ठरलेलं आहे आणि पाचवीतल्या पोरालाही ते ठाऊक असतं. मग त्याच पोराला आपण परीक्षेत सांगतो की हे सगळे एकच.

इंग्रजीच्या तासाला हा प्रकार दुप्पट होतो, कारण तिथे पोराला घरचा कान नसतो. वहीत डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. बीच म्हणजे किनारा. शोअर म्हणजे किनारा. कोस्ट म्हणजे किनारा. तीन ओळी, एकच उत्तर. पोरगं मनात नोंद करतं की इंग्रजांनी उगाच तीन शब्द ठेवलेत. पण इंग्रजी बोलणाऱ्याच्या डोक्यात ही तीन वेगळी चित्रं असतात. कोस्ट नकाशावर दिसतो. देशाला कोस्ट असतो, तळ्याला नसतो. शोअर म्हणजे पाण्याची कड, मग ती खडकाची असो की चिखलाची, आणि ती तळ्यालाही असते. बीचला वाळू किंवा निदान गोटे तरी लागतात. गंमत म्हणजे वाळूच्या किनाऱ्यासाठी आपल्याकडे ‘पुळण’ हा नेमका शब्द आहे, भूगोलाच्या पुस्तकात तो छापलेलाही असतो. इंग्रजीच्या बाईंनी बीचसमोर ‘पुळण’ लिहिलं असतं तर एका शब्दात काम झालं असतं. पण भूगोलातलं मराठी इंग्रजीच्या तासाला आणायचं नाही, असा आपला अलिखित नियम आहे.

मी मांडव्याच्या परिसरात वाढलो. मांडवा म्हटलं की बहुतेकांना १९९० चा ‘अग्निपथ’ आठवतो. मला जेट्टी आठवते. गेटवेहून निघालेली लाँच किंवा कॅटामरान तासाभरात इथे लागते, आणि मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून गाड्या घेऊन येणारी रो-रोही आहे. या एवढ्याशा प्रवासात इंग्रजीचा एक अख्खा धडा आहे. गेटवेला लागून अपोलो बंदर. भाऊच्या धक्क्याचं इंग्रजी नाव फेरी वॉर्फ. कुलाब्याला १८७५ चं ससून डॉक. आणि मांडव्याला जेट्टी. शाळेच्या हिशेबानं चारही ‘बोट लागायची जागा’.

आता बांधकामाकडे बघा. जेट्टी किनारा सोडून समुद्रात पुढे घुसते. हा शब्दच फ्रेंचमधल्या ‘फेकणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आलाय. समुद्रात फेकल्यासारखी, म्हणून जेट्टी. किनारा उथळ असला की खोल पाण्यापर्यंत पोचायला ती काढावी लागते. वॉर्फ किनाऱ्याला धरून, त्याच्या लांबीनं बांधतात; बोट त्याला अंगभर चिकटून उभी राहते. आणि डॉक? ब्रिटिश वापरात डॉक म्हणजे दगडी बांधकाम नव्हेच. जहाज ज्यात उभं राहतं ते कोंडून घेतलेलं पाणी म्हणजे डॉक. अमेरिकन माणूस मात्र धक्क्यालाच डॉक म्हणतो. वॉर्फसाठी मराठीनं धक्का ठेवला, डॉकसाठी गोदी. आणि ‘बंदर’ तर फारसीतून आपल्याकडे आलेला शब्द मुंबईच्या इंग्रजांनी उचलला. १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दकोशात तो ‘बंडर’ म्हणून नोंदलेला आहे. समुद्रावर काम करणाऱ्या माणसांना हे फरक लागत होते, म्हणून दोन्ही भाषांत ते तयार झाले. कुठल्याही मास्तरांनी पाठ करून घेतले नव्हते.

इथपर्यंत गंमत आहे. जेट्टीला वॉर्फ म्हटल्यानं कुणाची बोट चुकत नाही. आता पाण्याकडे वळू, कारण तिथे पैसे आहेत.

किनाऱ्यालगत कुठे बांधायचं आणि कुठे नाही हे सीआरझेडच्या अधिसूचना ठरवतात. सध्याची १८ जानेवारी २०१९ ची, तिच्याआधीची २०११ ची, पहिली १९९१ ची. या सगळ्या मोजणीचा शून्य बिंदू म्हणजे ‘हाय टाइड लाइन’. ग्रामीण किनाऱ्यावर या रेषेपासून २०० मीटरपर्यंत ‘ना विकास क्षेत्र’. २०१९ च्या अधिसूचनेनं दाट वस्तीच्या गावांसाठी, म्हणजे २०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २,१६१ हून जास्त लोक असतील तिथे, ते ५० मीटरवर आणलं. तेव्हा रेषा कुठे पडते यावर कुणाचं घर, कुणाचं रिसॉर्ट आणि कुणाची मासळी सुकवायची जागा अवलंबून असते.

आता कुणालाही विचारा, हाय टाइड म्हणजे काय? भरती. मग हाय टाइड लाइन? भरतीरेषा. म्हणजे रोज दोनदा पाणी येतं तिथवरची रेषा? नाही. अधिसूचनेतल्या व्याख्येप्रमाणे ‘स्प्रिंग टाइड’च्या वेळी पाण्याची सर्वांत वरची कड जमिनीवर जिथवर पोचते, ती ही रेषा. या स्प्रिंगचा वसंत ऋतूशी काही संबंध नाही. इथे स्प्रिंग म्हणजे उसळणं. आणि याला मराठीत शब्द आहे, शंभर टक्के नेमका: उधाण. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला येतं ते उधाण, अष्टमीच्या सुमाराला पाणी मंद चढतं-उतरतं तो भांग. इंग्रजीत त्याला नीप टाइड म्हणतात. कोळीवाड्यातल्या न शिकलेल्या आजीला हा फरक तिथीवरून कळतो. तिच्या इंग्रजी माध्यमातल्या नातवाला ‘टाइड म्हणजे भरती’ एवढंच माहीत असतं, आणि घरात इंग्रजी कागद वाचायला तोच बसतो. उधाणाची रेषा आणि रोजच्या भरतीची रेषा यांत सपाट किनाऱ्यावर कितीतरी पावलांचं अंतर पडतं. नुसतं ‘भरतीरेषा’ म्हटलं की ते अंतर वाक्यातून गायब होतं. आजीला नेमका प्रश्न विचारता आला असता: उधाणाची रेषा ना ही? मग त्या खुणेपलीकडे गेल्या अमावास्येला पाणी कसं आलं होतं? पण तिच्यापर्यंत तो शब्द पोचवणारं कुणी नसतं.

शब्दांमधला फरक कुणाला कळतो हे बघायचं असेल तर अलिबाग परिसरातल्या प्लॉटच्या जाहिराती वाचा. ‘सी फेसिंग’ म्हणजे दर्शनी बाजू समुद्राकडे. ‘सी व्ह्यू’ म्हणजे कुठूनतरी समुद्र दिसतो. संडासाच्या खिडकीतून दिसला तरी खोटं ठरत नाही. ‘नियर बीच’ म्हणजे किती जवळ ते विचारू नका. जाहिरात लिहिणाऱ्यानं यातला प्रत्येक शब्द तोलून घेतलेला असतो. त्याला समानार्थी शब्द माहीत नसतात, त्याला फरक माहीत असतात. तुम्ही ते सगळे ‘समुद्राजवळ’ असे वाचावेत एवढीच त्याची अपेक्षा असते, आणि शाळेनं ती पूर्ण केलेली असते.

मांडवा लांब वाटत असेल तर तुमच्या खोलीत येऊ. पुण्यात, ठाण्यात, नवी मुंबईत नोकरी करणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी ‘लीव्ह अँड लायसन्स’वर सही केलेली आहे. अकरा महिने. आपण त्याला भाडेकरार म्हणतो, स्वतःला भाडेकरू म्हणतो. यातल्या ‘लीव्ह’चा अर्थ सोडून जाणं नाही की सुट्टी नाही, लीव्ह म्हणजे मुभा. लायसन्स म्हणजे परवानगी. म्हणजे कराराच्या नावातच दोनदा सांगितलंय की तुम्हाला फक्त राहू दिलंय. लीज वेगळी. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात लीज म्हणजे मालमत्ता वापरण्याचा हक्कच तुमच्याकडे येतो. त्याच वर्षीच्या सुविधाधिकार कायद्यात लायसन्स म्हणजे अशी परवानगी, जी नसती तर तुमचं तिथे असणं बेकायदा ठरलं असतं. मालमत्तेत तुमचा काही हक्क तयार होत नाही. तुम्ही देता तेही भाडं नव्हे, लायसन्स फी. मुदत संपूनही राहिलात तर १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे दुपटीनं भरपाई लागू शकते. सर्वोच्च न्यायालयानं १९५९ मध्ये सांगून ठेवलंय की लीज की लायसन्स हे कागदावरच्या नावावरून नाही, व्यवहाराच्या स्वरूपावरून आणि हेतूवरून ठरवायचं. पण याच कलम २४ प्रमाणे राहत्या घराच्या लेखी लायसन्स करारात जे लिहिलंय तो निर्णायक पुरावा मानला जातो. म्हणजे आपल्या बाबतीत शब्दच सगळं काही. आणि एजंट म्हणतो, ‘सर, स्टँडर्ड फॉरमॅट आहे, सही करा.’

घर विकत घ्यायला निघालात तर आणखी मजा. ‘सीसी आलंय का?’ ‘आलंय.’ कुठलं सीसी? कमेन्समेंट सर्टिफिकेट म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी. कम्प्लिशन सर्टिफिकेट म्हणजे मंजूर नकाशाप्रमाणे काम पूर्ण झाल्याचा दाखला. आद्याक्षरं तीच, मध्ये अख्खी इमारत. आणि राहायला लागतं ते ओसी, म्हणजे ऑक्युपन्सी सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र. पझेशन हा चौथाच शब्द. किल्ली हातात मिळाली म्हणजे ओसी मिळालं असं नाही. ‘पूर्ण झालं’, ‘ताबा मिळाला’, ‘राहायला गेलो’ ही आपल्या बोलण्यात एकच घटना असते. कागदावर त्या तीन घटना आहेत, तीन वेगवेगळ्या तारखांच्या.

इथे कुणीतरी म्हणेल, बघा, इंग्रजी किती काटेकोर. थांबा. काटेकोरपणा इंग्रजीच्या रक्तात नाही. ‘टेनंट’ घ्या. खोली भाड्यानं घेणाराही टेनंट, आणि पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या नावावरची जमीन कसणाराही टेनंट. मराठीत पहिला भाडेकरू, दुसरा कूळ. हा फरक आपल्याकडे नुसता शब्दकोशात नाही. अलिबाग तालुक्यातल्याच चरी गावातून १९३३ मध्ये नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध शेतकऱ्यांनी संप केला. सहा वर्षं जमिनी कसल्या नाहीत, १९३९ पर्यंत. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. त्या लढ्यातला एक प्रश्न एका शब्दाचा होता: जमीन कसणाऱ्याला कूळ मानायचं की नाही? कूळ ठरला तर त्याला संरक्षण, नाहीतर तो कुणीच नाही. पुढे कुळकायदा झाला, १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला, कसणाऱ्याला जमिनीची मालकी मिळायचा रस्ता उघडला. आज आपल्या तालुक्यातल्या ज्या घरांकडे विकायला जमीन आहे, त्यातल्या कितीतरी घरांकडे ती ‘कूळ’ या दोन अक्षरांमुळे आहे. ही माणसं फार शिकलेली नव्हती. पण कूळ आणि गडी यांतला फरक त्यांना समानार्थी म्हणून कुणी खपवू शकलं नाही.

माझ्या धंद्यात हे सगळे जण रोज करतात, फक्त त्याला भाषा म्हणत नाहीत. १९९७ मध्ये स्कॉट ब्रॅडनर यांनी आरएफसी २११९ नावाचा तीनेक पानांचा दस्तऐवज लिहिला. इंटरनेटचे नियम लिहिताना ‘मस्ट’, ‘शुड’ आणि ‘मे’ कुठल्या अर्थानं वाचायचे, एवढंच त्यात आहे. मस्ट म्हणजे केलंच पाहिजे. शुड म्हणजे करावं. न करायला खरंच कारण असेल तर चालेल, पण परिणाम समजून घ्या. मे म्हणजे तुमची मर्जी. २०१७ मध्ये आणखी एक दस्तऐवज काढून खुलासा केला की हे शब्द मोठ्या लिपीत लिहिले असतील तरच हे अर्थ लागू. जगभरच्या इंजिनिअरांनी तीन साध्या शब्दांवर इतकी मेहनत घेतली, कारण एकानं शुडला मस्ट समजलं आणि दुसऱ्यानं मे समजलं तर दोन यंत्रं एकमेकांशी बोलू शकत नाहीत. आणि जिथे ही काळजी घेतली नाही तिथे घोळ कायमचा बसला. वेबवरचा ४०१ हा एरर ‘अनऑथोराइज्ड’ म्हणून ओळखला जातो, पण त्याचा खरा अर्थ ‘तू कोण आहेस हे आधी सिद्ध कर’ असा आहे. ‘तू कोण ते कळलं, पण तुला परवानगी नाही’ यासाठी ४०३ आहे. ओळख आणि अधिकार. प्रत्येक नव्या डेव्हलपरला हा फरक कुणालातरी समजावून सांगावा लागतो, कारण नाव देणाऱ्यांनी जवळचा शब्द वापरून भागवलं.

आता शाळेनं आपल्याला या शब्दांबद्दल काय शिकवलं ते आठवा. ‘आय’ आणि ‘वी’ला शॅल, बाकीच्यांना विल. हा नियम रोजच्या इंग्रजीतून कधीच गेलाय. करारात ‘शॅल’ आलं की बंधन आणि ‘मे’ आलं की मुभा, हे मात्र कुठल्याच इयत्तेत आलं नाही. मेलेला फरक पाठ करून घेतला, जिवंत फरक वगळला.

म्हणून इंग्रजी फाडफाड बोलून दुसऱ्याच्या चुका काढणाऱ्यांचंही मला कौतुक नाही. ऑफिसात कुणी ‘प्लीज रिव्हर्ट’ लिहिलं की हसणारा एक जण असतोच. ‘रिव्हर्ट म्हणजे पूर्वस्थितीला जाणं, रिप्लाय म्हण.’ अरे, भारतातल्या लाखो मेलमध्ये रिव्हर्ट म्हणजे उत्तर देणं हे ठरून गेलंय, आणि त्यानं कुणाचा एक रुपया बुडालेला नाही. ज्या फरकावर कुणाचं काही अवलंबून नाही तो फरक दाखवणं हा रुबाब आहे. हाच हसणारा माणूस लीव्ह अँड लायसन्स न वाचता सही करतो.

दोन आक्षेप येतील, दोन्हींना उत्तर देतो. पहिला: सगळे कागद मराठीत आणा, प्रश्न संपेल. मराठीत आणायलाच हवेत, पण प्रश्न तेवढ्यानं संपत नाही. आरटीओच्या मराठीत लायसन्सला ‘अनुज्ञप्ती’ आणि परमिटला ‘परवाना’ असा फरक केलेला आहे. फरक नेमका आहे, उपयोगाचा आहे, आणि रिक्षा स्टँडवर दहा जणांना विचारलंत तर बहुतेक जण दोन्हींना लायसनच म्हणतील. शब्द छापून फरक रुजत नाही. तो बोलण्यात यावा लागतो. उधाण-भांग टिकले कारण त्यांच्यावर होडी काढायची वेळ ठरते.

दुसरा: आता फोनला विचारलं की तो समजावून सांगतो. सांगतो, बरेचदा बरोबरही सांगतो. मी त्याच धंद्यात आहे, मशीनला नावं ठेवणार नाही. पण विचारायचं कुणाला सुचेल? ‘लीव्ह’ हा शब्द इथे खटकतोय असं ज्याला वाटलं त्याला. दोन वेगळे शब्द दिसले की दोन वेगळ्या गोष्टी असतील, ही शंका मशीन तुमच्या वतीनं घेत नाही. ती शंकाच शाळेनं मारलेली आहे.

उपाय खर्चिक नाही. समानार्थी शब्दांचा प्रश्न पेपरमधून काढा आणि त्याजागी हा घाला: या वाक्यात या शब्दाऐवजी तो शब्द टाका आणि काय बिघडतं ते लिहा. मराठीच्या पेपरला ‘उदक’ आणि ‘पाणी’, इंग्रजीच्या पेपरला ‘लीज’ आणि ‘लायसन्स’. शिक्षकांना इंग्रजी शब्दाखाली ढोबळ अर्थ लिहून देण्याऐवजी नेमका मराठी शब्द शोधू द्या. मांडव्याच्या शाळेत तो शोधायला कोळीवाड्यातल्या आजीला वर्गात बोलवावं लागलं तर बोलवा. तिला टाइड हा शब्द माहीत नसेल. पण तिचे दोन शब्द ऐकल्यावर मुलांना स्प्रिंग टाइड आणि नीप टाइड पुन्हा पाठ करावे लागणार नाहीत.

पेपर बदलायला वर्षं जातील. तोवर तुमच्या फोनमध्ये कुठेतरी खोलीच्या कराराची पीडीएफ पडलेली असेल. ती उघडा. त्यात ‘टेनंट’ आणि ‘रेंट’ हे शब्द एकदा तरी येतात का ते शोधा. मग ‘शॅल’ किती वेळा तुमच्या नावापुढे आलंय आणि ‘मे’ किती वेळा मालकाच्या, ते मोजा.